आकडा स्पष्ट, मग निकाल वेगवेगळे का?

प्रश्न : इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत क्लबने किती तोटा सोसावा, याची मर्यादा नियमावलीत आकड्यांनिशी दिलेली आहे. असे असूनही एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले आणि नंतर ती कपात ६ वर आली, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले आणि लेस्टर सिटी मात्र सुटला. हे नियम आहेत की मर्जीचा कारभार?

उत्तर : मर्जीचा कारभार म्हणणे अन्यायाचे होईल, पण तुमच्या शंकेत तथ्य आहे. आकडा स्पष्ट आहे हे खरे. मालकाने भागभांडवलातून तोटा भरून काढला, तर तीन हंगामांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतचा तोटा चालतो, आणि क्लब त्या काळात खालच्या श्रेणीत खेळलेला असेल तर ही मर्यादा बरीच कमी होते. तरुण खेळाडूंची अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी कामे यांवरचा खर्च हिशेबातून वगळला जातो. मर्यादा ओलांडली की नाही, हे त्यामुळे हिशेबनीस सांगू शकतो. मात्र ती ओलांडल्यावर किती गुण कापायचे, याचे कोष्टक नियमावलीत नव्हते. लीगने अतिरिक्त तोट्याच्या प्रमाणात गुण कापण्याचे एक सूत्र सुचवले होते, पण नियमांत नसलेले सूत्र स्वतंत्र आयोगाने एव्हर्टनच्या प्रकरणात स्वीकारले नाही. शिक्षा ठरवणे आयोगाच्या विवेकावर राहिले, आणि जेथे विवेक आला तेथे अपीलही आलेच.

एव्हर्टनने २०२१-२२ पर्यंतच्या तीन वर्षांत मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख पौंड जास्त तोटा केला, हे निर्विवाद होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले. अपिलात क्लबने नऊ मुद्दे मांडले आणि त्यांतले केवळ दोन टिकले : नव्या स्टेडियमच्या कर्जाविषयी क्लबने लीगशी प्रामाणिकपणा राखला नाही हा आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि शिक्षा ठरवताना इतर स्पर्धांमधील मापदंड विचारात घेतले गेले नव्हते. तेवढ्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ४ गुण परत मिळाले. पुढच्या हिशेबकाळातील उल्लंघनासाठी एप्रिलमध्ये आणखी २ गुण कापले गेले, ही गोष्ट वेगळी.

फॉरेस्टचा बचाव मला अधिक बोलका वाटतो. बहुतेक काळ खालच्या श्रेणीत गेल्यामुळे त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाख पौंड होती आणि ती त्यांनी ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली. त्यांचे म्हणणे असे की, ब्रेनन जॉन्सन हा खेळाडू हिशेबवर्ष संपण्यापूर्वी, म्हणजे ३० जूनपूर्वी घाईने विकला असता तर कमी पैसे मिळाले असते; थांबून तो सप्टेंबर २०२३ च्या आरंभी टॉटनहॅमला विकला म्हणून किंमत चांगली आली, आणि तोटा कमी करणे हाच तर नियमाचा हेतू. व्यवहारज्ञान म्हणून हा युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु हिशेबवर्षाची शेवटची तारीख ज्याला सोयीची नाही त्याने ती ओलांडावी, असे मान्य केले तर तारखेला अर्थच उरत नाही, आणि आयोगानेही तो मान्य केला नाही. चुकीची लवकर कबुली आणि सहकार्य यांमुळे मात्र ६ ऐवजी ४ गुण कापले गेले.

लेस्टर सुटला तो निर्दोष ठरून नव्हे. २०२२-२३ अखेर क्लब खालच्या श्रेणीत घसरला आणि जूनमध्येच त्याचे लीगमधील सदस्यत्व संपले. त्याचे हिशेबवर्ष ३० जूनला संपत होते. म्हणजे ज्या दिवशी उल्लंघन पुरे झाले त्या दिवशी तो प्रीमियर लीगचा सदस्यच नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने नियमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले आणि लीगला या प्रकरणी अधिकारच नाही, असा निर्णय दिला. नियमकर्त्यांच्या मनात काय असावे, याचा अंदाज बांधून शब्दांची डागडुजी करण्यास मंडळाने नकार दिला. चाहत्यांना हा निकाल पळवाटेसारखा वाटला असणार, पण शिक्षा करणारा नियम संदिग्ध असेल तर त्याचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व सोडून देणे अधिक महाग पडते.

प्रश्न : मँचेस्टर सिटी हा क्लब २०२० मध्ये युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाविरुद्ध जिंकला होता. मग त्याच पैशांवरून लीगने पुन्हा आरोप कसे ठेवले? आणि असे वाद खुल्या न्यायालयात का चालत नाहीत?

उत्तर : ‘जिंकला’ हा शब्द थोडा जपून वापरावा लागेल. युएफाने फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपीय स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटी युरोंचा दंड सुनावला. मालकाचा पैसा प्रायोजकांचा म्हणून दाखवला, असा आरोप होता. लोझान येथील क्रीडा लवादाने जुलैमध्ये बंदी रद्द केली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, तर काही युएफाच्या नियमांतील कारवाईच्या पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेलेले होते. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल १ कोटी युरोंचा दंड मात्र कायम राहिला. प्रीमियर लीग ही वेगळी संस्था, तिची नियमावली वेगळी, आणि युएफाची पाच वर्षांची मुदत तिच्या नियमांत नाही. म्हणूनच २००९-१० पासूनच्या हंगामांबाबत फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवता आले. क्लबने ते सर्व नाकारले आहेत.

न्यायालयाचे म्हणाल, तर लीगची नियमावली हा मुळात तिच्या सदस्य क्लबांमधील करार आहे आणि वाद लवादापुढे नेण्याचे बंधन त्या करारातच आहे. इंग्लंडच्या कायद्यानुसार लवादाच्या निवाड्यात न्यायालय फार मोजक्या कारणांसाठीच हस्तक्षेप करते. पण करार झाला म्हणून देशाचा कायदा दाराबाहेर थांबत नाही. याच क्लबने प्रायोजकत्वाच्या नियमांना बाजारातील स्पर्धेविषयीच्या कायद्याखाली आव्हान दिले, तेव्हा लवादाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निवाड्यात त्यांतील काही भाग बेकायदेशीर ठरवला. मालकाशी संबंधित कंपनीकडून आलेले प्रायोजकत्व बाजारभावाने तपासायचे, पण भागधारकाने क्लबला दिलेले बिनव्याजी कर्ज त्या तपासणीतून वगळायचे, हा भेदभाव टिकला नाही. लीगला नियम दुरुस्त करावे लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. आरोपी क्लब आणि नियमाला आव्हान देणारा क्लब एकच असला, तरी ही दोन प्रकरणे वेगळी आहेत. अनेक बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

प्रश्न : २०२६-२७ पासून तोट्याऐवजी संघावरील खर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण पाहणार आहेत. त्याने वाद मिटतील का?

उत्तर : काही प्रकारचे वाद निश्चितच कमी होतील, कारण तीन वर्षांच्या तोट्याची गोळाबेरीज करून बऱ्याच उशिरा शिक्षा देण्याचा जो त्रास आहे तो या पद्धतीत कमी आहे. परंतु खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवा, असे सांगितल्यावर उत्पन्न म्हणजे काय, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा होतो. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने जर्सीवरील नावासाठी मोजलेली रक्कम खरोखर त्या किमतीची आहे काय, हे कोणाला तरी ठरवावे लागेलच, आणि ते ठरवणाऱ्यासमोर दोन्ही बाजूंचे मूल्यांकनतज्ज्ञ आपापले अहवाल घेऊन उभे राहतील.