वास मारणारी फुलं : वाचकांच्या शंका

प्रश्न : तीन वर्षं कुंडीत सुरण लावतोय. दरवर्षी छत्रीसारखं मोठं पान येतं, पण ते गाजलेलं दुर्गंधी फूल काही येत नाही. खत कमी पडतंय का? (चिपळूण)

उत्तर : खताचं नंतर बघू, आधी गड्डा बघा. बाजारातल्या सुरणाची फोड लावली असेल तर पानच येणार. फूल हवं तर अख्खा गड्डा हवा, मधला डोळा शाबूत असलेला, वजनाने 2 किलोंच्या पुढचा. सुरणाचा जुना गड्डा दरवर्षी झिजून संपतो आणि पानाने बनवलेल्या अन्नावर त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. म्हणून यंदाचं पान जितकं दांडगं, तितका पुढच्या वर्षीचा गड्डा मोठा. 10 इंची कुंडीत तो वाढणार तरी कुठे? 18 इंची कुंडी किंवा जाड गोणी घ्या. निम्मी माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, खाली भोकं मोकळी. गड्ड्यावर 10-12 सेंमी माती आली पाहिजे.

जून ते ऑक्टोबर पाणी खंडू देऊ नका. महिन्यातून एकदा कुजलेलं शेणखत आणि मूठभर लाकडाची राख द्या. युरियाचा मोह टाळा. त्याने पान माजतं, गड्डा भरत नाही. पान पिवळं पडायला लागलं की पाणी बंद. इथेच बहुतेकांचं चुकतं : कुंडी रिकामी दिसते म्हणून उन्हाळाभर रोज पाणी घालतात आणि झोपलेला गड्डा आतून कुजतो. तो काढून, माती झटकून, हवेशीर कोपऱ्यात ठेवलात तरी चालतं.

एप्रिल-मेमध्ये डोळा हलू लागतो. कोंब बारीक आणि टोकदार असेल तर बहुधा पान. गुबगुबीत असेल तर आशा ठेवा. जातीचा विचार करत असाल तर गजेंद्र घ्या, खाज कमी असते.

प्रश्न : आमच्या गॅलरीत सुरणाला फूल धरलंय. शेजाऱ्यांनी आत्ताच ताकीद दिली आहे. वास किती दिवस टिकतो? (डोंबिवली)

उत्तर : खरा मारा एक संध्याकाळ आणि रात्र. फूल म्हणतो तो खरं तर फुलोरा असतो : बाहेर जांभळट झालर, मधल्या दांड्याच्या तळाशी मादीफुलं, त्यावर नरफुलं आणि शेंड्याला मेंदूसारखा वळकट्यांचा गोळा. पहिल्या दिवशी मादीफुलं तयार असतात. तेव्हा तो गोळा तापतो आणि गंधकयुक्त वायू सोडतो, सडलेल्या मांसातून निघतात तसलेच. माश्या आणि भुंगेरे त्याला फसून येतात. दुसऱ्या दिवशी नरफुलांचे पराग झडतात आणि वास उतरत जातो.

सुरणाचं एक बरं आहे : न लावलेला, नुसता ठेवलेला गड्डाही फुलतो. तेव्हा झालर उलगडायच्या आधीच तो कुंडीत किंवा टोपल्यात उभा करून गच्चीवर नेऊन ठेवा. कोरड्या गड्ड्याची शक्ती या फुलण्यात खर्ची पडते, म्हणून फूल कोमेजलं की लगेच मातीत लावा. पान मागून येतं. लिबलिबीत झालेला दांडा कापताना हातमोजे घाला. रसातल्या सुईसारख्या स्फटिकांनी खाज सुटते. परागीकरण झालं नाही तर सगळं काही दिवसांत गळून पडतं.

प्रश्न : स्टॅपेलियाची (निवडुंगासारखं दिसणारं, सडक्या मांसाच्या वासाची फुलं येणारं झाड) खोडं तळाशी मऊ होऊन काळी पडताहेत. एक फूल आलं तर त्यावर पांढऱ्या अळ्या! (पुणे)

उत्तर : अळ्यांना औषध मारू नका. निळ्या माशीला मेलेलं जनावर वाटलं म्हणून तिने अंडी घातली. पोरांना तिथे खायला काही नसतं, ती उपाशी मरतात. काळजी करा ती खोडाची. ही दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली वनस्पती, पुण्याच्या पावसात उघड्यावर ठेवाल तर सडणारच. काळा भाग पूर्ण जाईपर्यंत कापा. कापलेल्या जागी तपकिरी डाग दिसला तर अजून वर कापा. 8-10 सेंमीचे निरोगी तुकडे सावलीत आठवडाभर सुकवून उथळ, पसरट कुंडीत आडवे टेकवा. दोन भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा, एक भाग माती. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नको, जून ते सप्टेंबर छपराखाली. मुळांवर कापसासारखे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. मुळं धुऊन, सुकवून नव्या मातीत लावा. कळ्या नव्या फांद्यांवर येतात, म्हणून जुनी गर्दी दर दोन वर्षांनी मोडा.

प्रश्न : जगातला सर्वांत मोठा दुर्गंधी फुलोरा, टायटन, घरी जमेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. सुमात्राच्या दमट जंगलातली ही सुरणाची बहीण. लंडनच्या क्यू उद्यानात 1889 मध्ये ती फुलली तीही काचघरात. कंद 50 किलोंच्याही पुढे जाऊ शकतो आणि पहिल्या फुलाला कितीतरी वर्षं लागतात. त्यापेक्षा आपलं शेवळं, सुरणाचं रानटी भावंड, लावा. फक्त रोपवाटिकेत वाढवलेला कंद घ्या, जंगलातून उपटू नका. पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात जुडीने मिळतात ते, काकड या रानझाडाची फळं घालून शिजवायचे कोंब, म्हणजे न उमललेले फुलोरे. ते मातीत खोचून काही उगवत नाही.