हौशी बॉक्सिंगमध्ये निकाल बरोबर लागला की चूक, हे घरी बसून कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपला निशांत देव हरला ती लढत तुम्ही रात्री जागून बघितली, तुमच्या हिशेबाने तो जिंकला होता, मग जज नेमकं बघतात तरी काय आणि आपल्यासारख्याने खेळाडू जोखायचा कसा. मी कोल्हापुरात मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि शालेय, जिल्हा स्पर्धांना जज म्हणून बसतो. ऑलिम्पिकच्या रिंगपाशी मी बसलेलो नाही, पण गुण द्यायची पद्धत खालपासून वरपर्यंत तीच आहे, म्हणून उत्तर देतो. जरा लांबेल.

आधी हिशेब समजून घ्या, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. मोठ्या स्पर्धेत पाच जज असतात आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे गुण देतो. तीन मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्या. फेरीत जो सरस त्याला १०, दुसऱ्याला ९. फरक ढळढळीत असेल तर ८, अगदीच एकतर्फी असेल तर ७. दोघांना सारखे गुण देऊन मोकळं होता येत नाही. शेवटी प्रत्येक जजची आपापली बेरीज होते आणि किमान तीन जजांकडे ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला. कुणी किती फेऱ्या जिंकल्या हे कुणी मोजत नाही.

टोकियोत मेरी कोमचं काय झालं ते यावरून कळतं. २९ जुलै २०२१, कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया समोर. पहिली फेरी ४-१ ने व्हॅलेन्सियाला गेली. दुसरी मेरीला ३-२, तिसरीही मेरीला ३-२. आणि निकाल ३-२ ने व्हॅलेन्सियाच्या बाजूने. आपल्याकडे लोक चिडले की तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून बाई हरते कशी? पण ज्या चार जजांनी पहिली फेरी व्हॅलेन्सियाला दिली, त्यांच्यापैकी एखाद्याचं मत फिरवायचं तर त्याच जजकडून पुढच्या दोन्ही फेऱ्या मिळायला हव्या होत्या. तीन फेऱ्या गुणिले पाच जज म्हणजे पंधरा मतं. त्यातली आठ व्हॅलेन्सियाला पडली, सात मेरीला. खुद्द मेरीला रिंगमधून उतरेपर्यंत आपणच जिंकलो असं वाटत होतं. ती लढत मी पुन्हा बघितली आहे. मला निकालात खोट दिसत नाही, पहिल्या फेरीतला संथपणा मात्र दिसतो. तीन फेऱ्यांच्या खेळात पहिली फेरी चाचपणीत घालवणं फार महागात पडतं. मी पोरांना सगळ्यात जास्त याच एका गोष्टीवरून बोलतो.

आता जज काय बघतो ते. पहिली आणि सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे स्वच्छ लागलेले ठोसे. मूठ आवळलेली, ग्लोव्हचा बोटांच्या पेरांवरचा भाग, आणि लागायची जागा डोक्याचा पुढचा-बाजूचा भाग किंवा पट्ट्याच्या वर छाती, पोट, बरगड्या. दंडावर, ग्लोव्हवर, पाठीवर, डोक्याच्या मागे लागलेलं काहीच धरायचं नाही. त्यानंतर लढत कोणाच्या तंत्राने आणि डावपेचाने चालली आहे ते, आणि मग जिंकायची जिद्द. आणखी एक, जे ऐकून लोकांना धक्का बसतो: समोरच्याला नुसतं खाली पाडलं म्हणून आपोआप जादा गुण मिळत नाही. रेफरी आठपर्यंत मोजतो, पण गुणाच्या हिशेबात तो एक चांगला ठोसाच.

कोल्हापुरात बॉक्सिंग बघायला येणारा माणूस कुस्तीचा डोळा घेऊन येतो, आणि खरी अडचण तिथे होते. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ टेकली की चहूबाजूंनी सगळ्यांना दिसते, वाद घालायला जागाच उरत नाही. जो अंगावर जातोय, ढकलतोय, तो भारी, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. बॉक्सिंगमध्ये अंगावर जाणारा कितीदा तरी हरत असतो आणि प्रेक्षकांना पत्ता नसतो.

मागे एका शालेय स्पर्धेत माझ्यासमोरची लढत सांगतो. लाल कॉर्नरचा पोरगा अंगाने भरलेला, घंटा झाली की सुसाट सुटायचा आणि दोन्ही हातांनी सात-आठ ठोसे सलग. हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी. निळा पोरगा किडकिडीत. तो कोपर अंगाला चिकटवून, ग्लोव्ह गालाला लावून सगळं झेलायचा, अर्धं पाऊल मागं व्हायचा आणि लाल पोरगा श्वास घ्यायला थांबला की एक सरळ उजवा, कधी त्यापाठोपाठ डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. रिंगला चिकटून बसलं की आवाजातला फरक कळतो. ग्लोव्हवर ग्लोव्ह आपटला की 'फट्' असा मोठा, पोकळ आवाज येतो आणि लोक त्यालाच दाद देतात. अंगावर नीट बसलेल्या ठोशाचा आवाज बसका असतो, मागच्या रांगेपर्यंत जातच नाही. लाल पोराची मान दर वेळी मागे जात होती, केसांतला घाम उडत होता. पहिल्या दोन्ही फेऱ्या मी निळ्याला दिल्या, तिसरी लाल पोराला, कारण तिसरीत निळ्याचे पाय थकले आणि लाल पोराचे हूक खरोखर लागायला लागले. निकाल निळ्याच्या बाजूने लागला तेव्हा बाहेर बरीच आरडाओरड झाली. लाल पोराचे वडील माझ्याकडे आले, "सर, माझा पोरगा तर थांबलाच नाही ओ," म्हणाले. खरंच होतं ते, पोरगा थांबला नव्हता. पण लागलं किती?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की निकाल चूक म्हणायच्या आधी दुसऱ्या पोराची लढत बघितली पाहिजे. आपण आपल्या खेळाडूचे हात बघतो. जज मार खाणाऱ्याचं डोकं आणि अंग बघतो. तुम्ही एक फेरी फक्त समोरच्याचं डोकं बघा आणि एक फेरी फक्त आपल्या माणसाचं, तुमचे आकडे बदलतील.

याचा अर्थ जज कायम बरोबर असतात असा मुळीच नाही. या खेळाचा इतिहास त्या बाबतीत फार वाईट आहे आणि तुमचा अविश्वास हवेतून आलेला नाही. सोल १९८८ ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने कोरियाच्या पार्क सी-हुनला धुऊन काढलं. टीव्हीवाल्यांच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल ३-२ ने पार्क! आणि त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक दिला जोन्सला. त्या बोभाट्यानंतर १९९२ पासून बटणं आली: पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. त्यात लबाडी कमी झाली की नाही माहीत नाही, खेळ मात्र बिघडला. पोटावरचे ठोसे, जवळून मारलेली जोडी, यावर तीन बोटं एकदम पडणं कठीण, म्हणून पोरं लांबून एकेक टिचकी मारायला शिकली. २०१३ मध्ये १० गुणांची पद्धत आली ती त्यामुळेच, आणि मला ती जास्त न्याय्य वाटते.

तरी रिओ २०१६ घडलंच. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या निकितिनकडून हरला असं जाहीर झालं. जिंकलेला निकितिन जखमांमुळे उपांत्य फेरीत उतरूच शकला नाही. तेव्हा पाच जज गुण द्यायचे, पण संगणक त्यातले तीनच निवडून धरायचा. नंतर पाचही धरायला लागले. पुढे २०२१ मध्ये मॅकलॅरेन यांच्या चौकशी अहवालात रिओत जजांमार्फत लढती फिरवण्याची व्यवस्थाच होती असं आलं. आपल्या सरिता देवीनं २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध उपांत्य लढत हरल्यावर पदक गळ्यात घालून घ्यायला नकार दिला आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. ती लढत बघून माझं रक्त अजूनही उसळतं. तिच्यावर अन्याय झाला असंच मी मानतो.

पण उलटा दाखलाही ध्यानात ठेवा. लंडन २०१२ ला विकास कृष्णन एरल स्पेन्सला १३-११ ने हरवून बाहेर आला आणि काही तासांत अमेरिकेच्या अपिलावर निकाल फिरून १५-१३ स्पेन्स झाला. कारण विकासने तिसऱ्या फेरीत वारंवार धरून ठेवलं होतं, दुसऱ्या फेरीत तोंडातला गमशील्ड (दात वाचवायचं आवरण) बाहेर टाकला होता, आणि रेफरीने त्याची ताकीद दिली नव्हती. आम्ही तेव्हा खूप चिडलो, पण धरून ठेवलेलं चित्रणात दिसतं. आमच्याकडे तालमीतून आलेल्या पोरांचं अगदी हेच होतं. दोन ठोसे बसले की हात आपोआप समोरच्याच्या कमरेला जातात. आताच्या पद्धतीत रेफरीने अधिकृत ताकीद दिली की प्रत्येक जजच्या बेरजेतून एक गुण जातो. १०-९ च्या खेळात एक गुण म्हणजे जिंकलेली फेरी हातची गेली.

खेळाडू जोखायचा म्हणाल तर मी हातांकडे शेवटी बघतो. आधी पाय: ठोसा मारून झाल्यावर पाय जागेवर आहेत का, की तोल पुढे जातोय? मग अंतर कोण ठरवतोय, कोणाच्या सोयीच्या लांबीवर लढत चाललीय. मग ठोसा खाल्ल्यावर पुढच्या दोन सेकंदांत तो काय करतो. चांगला बॉक्सर तिथेच उत्तर देतो किंवा कोनातून बाहेर निघतो, कच्चा डोळे मिटून हात फिरवतो. आणि तिसऱ्या फेरीत तोंड उघडं पडलंय का, डावा हात जॅबनंतर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानंतर) छातीपाशी परततोय की हनुवटीपाशी. शिवाय मोठ्या स्पर्धेत आठ-दहा दिवसांत चार-पाच लढती, लढतीच्या दिवशी सकाळी वजन. पहिल्या लढतीत झगमगलेला खेळाडू उपांत्य फेरीत रिकामा झालेला असू शकतो.

आता निशांत. ७१ किलो, उपांत्यपूर्व लढत, मेक्सिकोचा मार्को व्हेर्दे, निकाल ४-१ व्हेर्दे. पहिली फेरी निशांतची होती, स्वच्छ. तिसऱ्यात तो दमला होता, हात खाली येत होते आणि व्हेर्दे पुढे होता; ती फेरी निशांतला द्यायला मला जागा दिसत नाही. म्हणजे सगळा वाद दुसऱ्या फेरीचा. मी ती निशांतला देतो, थोडक्यात. त्यामुळे माझ्या कागदावर तो २९-२८ ने जिंकतो, पण दुसऱ्या कुणी तीच फेरी व्हेर्देला दिली तर मी त्याला चोर म्हणणार नाही. ४-१ हा आकडा मोठा दिसतो म्हणून राग येतो. एकाच चुरशीच्या फेरीकडे चार जजांनी एका बाजूने बघितलं तरी तो आकडा होतो. सोलसारखी ही लूट नव्हती. व्हेर्देने पुढे रौप्य घेतलं, तो काही लेचापेचा खेळाडू नव्हता.

सराव करायचा असेल तर सप्टेंबर २०२५ ची लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेतली ५७ किलोची अंतिम लढत काढा, आपली जास्मिन लंबोरिया विरुद्ध पोलंडची ज्युलिया शेरेमेता. जास्मिन ४-१ ने जिंकली हे माहीत असलं तरी हरकत नाही. शेरेमेता हात खाली सोडून, नाचत खेळते, त्यामुळे तिचं काहीतरी भारी चाललंय असं सारखं वाटत राहतं, आणि जास्मिन लांब हातांनी शांतपणे अंतर राखते. टीव्हीचा आवाज बंद करा, समालोचन नको. प्रत्येक फेरी संपली की पडद्यावर गुण यायच्या आत आपला आकडा लिहून ठेवा आणि एका ओळीत कारणही लिहा. मग इथे खाली टाका. मी माझे तिन्ही फेऱ्यांचे आकडे देतो, कुठल्या फेरीत आपलं पटत नाही ते बघू.