डासाच्या पेशीत वाढ, माकडाच्या पेशीत मोजणी

प्रश्न : डेंग्यूचा विषाणू सी६/३६ या डासाच्या पेशींत वाढवतात, मग मोजायला व्हेरो पेशी कशाला? आणि आमच्या प्लेटवर प्लाक (विषाणूने पेशी मारून थरात पाडलेली भोकं) इतके अंधूक का येतात? (एमएस्सी विद्यार्थिनी)

उत्तर : सी६/३६चं मूळ पुण्याचं. १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी तयार केल्या. इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातून हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला वंश) वेगळा केला. त्यातलं डायसर-२ हे प्रथिन सदोष असल्यामुळे विषाणूला अडवणारी आरएनए यंत्रणा लंगडी पडते. २८ अंशांवर डेंग्यू तिथे मजेत वाढतो, पण पेशी नेहमीच ठळक मरत नाहीत. मेल्याशिवाय भोक कसं दिसणार?

माकडाच्या मूत्रपिंडातल्या व्हेरो पेशी ३७ अंशांवर घट्ट थर धरतात, म्हणून मोजणी तिथे. वरचा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा दाट थर विषाणूला शेजारच्याच पेशींत ठेवतो. चिकुनगुन्याचे प्लाक दोन-तीन दिवसांत दिसतात, डेंग्यूला पाच ते सात लागतात. तुम्ही बहुधा घाई करताय. पेशींचा विरळ किंवा जुनाट थर हे दुसरं कारण. प्लेट हलली तर प्लाकला शेपट्या फुटतात. विषाणू टाकल्यावर तासभर, दर पंधरा मिनिटांनी प्लेट हलकेच कलती करा, नाहीतर मधला भाग सुकतो.

हिशोब सोपा : १०,००० पट विरळ नमुन्याच्या ०.१ मिलीमध्ये ४२ प्लाक, म्हणजे मूळ नमुन्यात मिलीला ४२ लाख प्लाक पाडणारे विषाणू. दहापेक्षा कमी प्लाकवर मात्र भरवसा नको.