विंडफॉइलिंग: कुणाला कुठला बोर्ड, कुठलं फॉइल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विंडफॉइल म्हणजे शिडाचा विंडसर्फिंग बोर्डच, पण खाली साध्या फिनच्या, म्हणजे छोट्या पात्याच्या, जागी फॉइल असतं: एक उभा दांडा म्हणजे मास्ट, त्याच्या टोकाला आडवा दांडा म्हणजे फ्युजलाज, आणि त्यावर पुढं-मागं पाण्यातले पंख म्हणजे विंग. स्पीड आला की हे पंख बोर्डला पाण्याच्या वर उचलतात.

प्रश्न: मी जुळे सोलापूरला राहतो, वजन 82 किलो. गोव्यात साधं विंडसर्फिंग शिकलोय, आता उजनीवर विंडफॉइल करायचंय. ऑलिम्पिकमधला आयक्यूफॉइलचा सेट घेऊनच टाकावा म्हणतोय, एकदाच खर्च. बरोबर आहे का?

उत्तर: नको दादा, पैसे द्यायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलं. आयक्यूफॉइल हा रेसचा क्लास आहे, पॅरिसला 2024 मध्ये आरएसएक्स या जुन्या, फिनवाल्या बोर्डच्या जागी आला. बोर्ड 95 सेंटीमीटर रुंद, फॉइलचा मास्ट पण 95 चा आणि पुढची विंग फक्त 900 चौरस सेंटीमीटरची. आता ही विंग आपल्याला उचलते कशी ते बघा, उचल ही विंगच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणजे 1800 ची विंग ज्या स्पीडला तुम्हाला पाण्यावर काढेल त्याच्या साधारण 1.4 पट स्पीड तशाच घडणीच्या 900 च्या विंगला लागणार, आणि तो स्पीड आणायचा तर मोठं शीड, मोठं शीड सांभाळायला ताकद आणि सराव, आणि एवढं करून वर आलात की ते फॉइल इतकं पळतं की नवीन माणूस पहिल्याच झोताला पडतो.

तुम्हाला फ्रीराइड सेट हवाय, म्हणजे रेससाठी नाही तर मोकळं फिरायला. पुढची विंग 1500 ते 1700, बोर्ड 130 ते 150 लिटर आणि 75 ते 85 सेंटीमीटर रुंद, शीड साडेपाच-सहा चौरस मीटर. एवढ्यावर 10-12 नॉट्सला, म्हणजे ताशी 18 ते 22 किलोमीटरच्या वाऱ्यात तुम्ही वर याल.

आता मास्टची लांबी, आणि आपल्याकडं खरी गोम इथंच आहे. सोलापुरात पश्चिमेचा जोरदार वारा असतो जून-जुलैत, आणि नेमकं तेव्हाच धरण तळाला गेलेलं असतं, कारण उजनी आपल्या पावसावर भरत नाही, वर पुणे जिल्ह्यात धो धो झाला की भरते. "धरण मायनसमध्ये" हे आपण दरवर्षी ऐकतो ना, फॉइलवाल्यानं ते नुसतं ऐकून सोडायचं नाही. पाणी उतरलं की काठाजवळ वेड्या बाभळीची खोडं, जुनी बांधकामं सगळं वर येतं, पळसदेवचं देऊळ दिसायला लागतं, आणि जे दिसत नाही ते पाण्याखाली हातभर अंतरावर असतं. साधा फिन 30-40 सेंटीमीटरचा असतो, तुमचं फॉइल पाऊण-एक मीटर खाली चालतंय, 25 च्या स्पीडला ते खोडाला अडलं की बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढं फेकला जातो, थेट शिडाच्या मास्टवर. म्हणून तुम्ही 75 चा मास्ट घ्या, छातीभर पाण्यात बोर्डवर चढा, आणि शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरल्यावर सुरुवात करा, वारा तेव्हा थोडा कमी असतो पण मोठ्या विंगला पुरतो. उतरायच्या आधी जलसंपदा विभागाकडं विचारा आणि तिथल्या मच्छीमारांना जाळी कुठं लावलीत तेही विचारा, फॉइल जाळ्यात गेलं तर नुकसान त्यांचंही होतं.

प्रश्न: घरात जुना विंडसर्फ बोर्ड पडून आहे, फिन काढून त्यात फॉइल बसवलं तर चालेल का? (टेंभुर्णीहून)

उत्तर: बॉक्स, म्हणजे बोर्डच्या तळाला फिन बसतो ती खाच, बघितल्याशिवाय नाही. फिन बाजूला ढकलतो, फॉइल मात्र वर उचलतं आणि सगळं वजन त्या एका भोकावर पुढंमागं पिळतं. डीप टटल (खोल, दोन स्क्रूंचा) बॉक्स असेल आणि बोर्ड कंपनीनं फॉइलसाठी मजबूत केलेला असेल तर चालतं. पॉवर बॉक्स (एका स्क्रूचा) असेल आणि "फॉइल रेडी" असं कुठं लिहिलेलं नसेल तर बसवू नका, बॉक्स डेकसकट उपटून येतो. सेकंड हँड घेणाऱ्यांनी पण हेच बघायचं, बॉक्सभोवती केसासारखी तडा आणि बोर्डच्या तळाला मऊ लागणारी जागा.

प्रश्न: मी पंढरपूरची, वय 19, वजन 56. फ्रीराइड फॉइल जमतंय, आता रेसिंगकडं वळायचंय. नक्की काय बदलू?

उत्तर: ताई, आधी फॉइल बदल, बोर्ड नंतर, लोक नेमकं उलटं करतात. रेसला विंग लांब आणि अरुंद लागते, म्हणजे हाय अॅस्पेक्ट. उजनीवर हिवाळ्यात येणारे कुरव बघ, लांब अरुंद पंख, पंख न हलवता कितीतरी लांब तरंगत जातात, आणि माळावरचा तित्तर बघ, आखूड गोल पंख, जागच्या जागी उडतो पण लगेच खाली बसतो. तुझी आत्ताची विंग तित्तराची आहे. पहिल्यांदा 1000-1100 ची हाय अॅस्पेक्ट विंग घे, थेट 900 नको, तुझं वजन कमी आहे हे खरं पण आपल्याकडचा वारा झोताझोतानं येतो आणि मधे पडतो, तेव्हा थोडी मोठी विंग तुला वर धरून ठेवते. सोबत लांब फ्युजलाज, 95 च्या पुढं, त्यानं पुढंमागं डुलणं कमी होतं, वळायला मात्र जड जातं. मास्ट 95 चा घे पण तो खोल पाण्यातच वापर. लांब मास्ट कशाला, तर वाऱ्याच्या दिशेला चढताना बोर्ड आपल्या बाजूला तिरका करायचा असतो, आखूड मास्टवर विंगचं टोक पाण्याबाहेर येतं, हवा शिरते आणि उचल एकदम जाते. रुंद बोर्डचा उपयोगही तेव्हाच कळतो, पाय काठावर जातात आणि मोठ्या शिडाची ओढ पेलता येते. म्हणून बोर्ड शेवटी. आयक्यूफॉइल 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकलाही आहे, तर मनापासून रेस करायची असेल तर पुढं त्याच सेटवर ये. आणि आपल्या एबाद अलीनं हांगझोऊ एशियाडला विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ आणलंय, आरएसएक्सवर, त्यामुळं हे आपलं काम नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

प्रश्न: मला स्पीड नको, गर्रकन वळणं आणि उड्या हव्यात. वजन 70.

उत्तर: आखूड बोर्ड, 100-110 लिटर, 65-70 सेंटीमीटर रुंद, फ्युजलाज आखूड, विंग 1000 ते 1300 ची जाडसर लो अॅस्पेक्ट, मास्ट 70-75, शीड साडेचार-पाच. वारा मात्र 14-15 नॉट्स तरी लागेल. हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट घातल्याशिवाय उडी मारायची नाही, विंगची कड खरंच कापते.

प्रश्न: वर आलो की बोर्ड उसळतो आणि फॉइल पाण्याबाहेर निघतं. विंग बदलू का? (बार्शी)

उत्तर: काही विकत घेऊ नका. शिडाचा मास्टफूट (शिडाचा मास्ट बोर्डला जोडतो तो सांधा) दोन-दोन सेंटीमीटर पुढं सरकवत जा, नाक दबेल. तरी उसळत असेल तर मागच्या विंगखालची शिम (कोन बदलायची पातळ पट्टी) बदलून अर्धा अंश कोन कमी करून बघा. पुढच्या पायाचे स्ट्रॅप फार मागं लावलेत का तेही तपासा. आणि तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात दुपारी चारनंतर जाता, तेव्हा चांगला वारा मिळतो म्हणून, ते कृपा करून बंद करा. तो वळवाचा वारा आहे, पाच मिनिटांत दिशा आणि जोर दोन्ही बदलतं. 21 मे 2024 ला उजनीतच कुगाव-कळाशीच्या मधे अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ढग काळे व्हायला लागले की शीड खाली टाका आणि काठ गाठा, बोर्ड सोडून मात्र पोहू नका, तो तरंगतो.

प्रश्न: गोव्याहून आल्यापासून फॉइलचे स्क्रू निघतच नाहीत.

उत्तर: खारं पाणी, अॅल्युमिनियम आणि स्टील एकत्र आलं की असं होतंच. गरम पाणी ओतून सावकाश सोडवा, ठोकू नका. पुढच्या वेळी समुद्रातून आल्या आल्या सगळं सुटं करून गोड्या पाण्यानं धुवा आणि स्क्रूला मरीन ग्रीस लावूनच परत बसवा.