व्हिडिओ प्लेअर निवडताना
सरळ व्हीएलसी टाक आणि मोकळा हो. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि बहुतेक सगळे कोडेक (व्हिडिओ-ऑडिओ उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्राम) आतच असतात. त्यामुळे वेगळा 'कोडेक पॅक' शोधत फिरावं लागत नाही. अनेक संगणकांत नको ते घुसतं ते याच पॅकच्या वाटेने.

मात्र डाउनलोड कुठून करतोस ते बघ. शोधयादीत सगळ्यात वर 'जाहिरात' लिहिलेली लिंक असते, तिच्यावर क्लिक करू नकोस. व्हिडिओलॅन या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच घे. इन्स्टॉल करताना ब्राउझरचा टूलबार किंवा 'पीसी क्लीनर' पुढे आला, तर समज की फाइल भलतीकडची आहे; तिथेच रद्द कर.

अपडेटचा कंटाळा करू नकोस. 2017 मध्ये सबटायटलच्या फाइलमधून संगणकाचा ताबा घेता येईल अशा त्रुटी व्हीएलसी आणि 'कोडी' (Kodi) यांच्यासकट काही प्लेअरमध्ये सापडल्या होत्या. अपडेट आले, पण ते टाकणाऱ्यालाच त्याचा उपयोग. विंडोजवर ॲपलचा जुना प्लेअर क्विकटाइम असेल तर काढूनच टाक, 2016 पासून त्याला सुरक्षा अपडेट नाहीत.

आणि हो, विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) दिसेल अशी सेटिंग आधी चालू कर. नाहीतर 'सिनेमा.एमपी४.ईएक्सई' ही फाइल तुला नुसती 'सिनेमा.एमपी४' दिसेल, आणि तू बिनधास्त डबलक्लिक करशील; पण ईएक्सई म्हणजे व्हिडिओ नव्हे, प्रोग्राम. 'हा व्हिडिओ बघायला आमचाच प्लेअर लागेल' म्हणणाऱ्या साइटचा टॅब तर लगेच बंद कर.