लिटरेचर रिव्ह्यूसाठी किमान किती संदर्भ लागतात, आणि ते प्रकरण लवकर कसं उरकावं?

तुमच्या प्रश्नातला ‘उरकावं’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. माझ्याच गाईडकडे असलेला एक सीनियर मला हेच सांगायचा, “साठच्या वर संदर्भ कर आणि मोकळी हो. दुसरं प्रकरण कोणी वाचत नाही.” दुसरं प्रकरण म्हणजे प्रबंधातला हाच लिटरेचर रिव्ह्यू, आधीच्या संशोधनाचा आढावा. मी त्याचं ऐकलं आणि तीन आठवड्यांत ६४ संदर्भ केले.

माझा विषय होता वर्गातली दृक्‌-श्राव्य साधनं. पेपरचा गोषवारा वाचायचा, त्याचा एक परिच्छेद करायचा आणि वर्षाच्या क्रमाने तो खाली लावायचा. ‘यांनी अभ्यास केला, त्यांना असे आढळून आले की...’ असे एकाखाली एक परिच्छेद. आणि प्रकरणाच्या पहिल्याच पानावर ते प्रसिद्ध आकडे: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५० आणि स्वतः केलेलं ९०. कंसात डेल, १९४६, म्हणजे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचं त्या सालचं पुस्तक. शिक्षणशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा ‘अनुभवाचा शंकू’ पाठ असतो.

प्रगतीच्या सादरीकरणाला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी त्या परिच्छेदावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “एडगर डेलचं पुस्तक पाहिलंत?”

“एका पेपरमधून घेतलंय, मॅडम.”

“आणि त्या पेपरने कुठून घेतलं?”

मला सांगता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. “पुस्तक बघून या, मग बोलू,” म्हणाल्या आणि फाईल मिटली. पुढचं एकही पान त्यांनी उलटलं नाही.

पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवावं लागलं, त्यात दोन आठवडे गेले. शंकूचं चित्र सापडलं. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, मधल्या पट्ट्यांत प्रात्यक्षिकं, सहली, चित्रपट वगैरे आणि टोकाला नुसते शब्द. टक्के कुठेच नाहीत. मजकुरात असतील म्हणून ते प्रकरण मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. तिथेही नाहीत. उलट, हा शंकू म्हणजे समजायला सोपं जावं म्हणून काढलेलं चित्र आहे, ते शब्दशः घेऊ नका, असं डेल स्वतःच बजावतो. आकडे नंतर कुणीतरी त्याच्या नावावर चिकटवले. १९६७च्या एका मासिकातल्या लेखात ते छापलेले आहेत, पण कोणत्या प्रयोगातून आले याचा तिथेही पत्ता नाही. आणि खऱ्या मोजणीतून १०, २०, ३० असे दहाच्या पटीतले आकडे कसे निघतील, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता.

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. माझ्याच टिपणवहीत दोन पेपरांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. एकात ‘केलेलं ७५’, दुसऱ्यात ‘केलेलं ९०’, आणि दोन्हींच्या शेवटी तोच कंस. ते मला दिसलं होतं. जास्त पेपरांत होता तो आकडा मी उचलला आणि पुढे गेले.

हे माझ्या एकटीचं नाही. २००३ साली दोन संशोधकांनी संदर्भयाद्यांमधल्या छपाईच्या चुका जशाच्या तशा किती नकलल्या जातात ते मोजलं आणि अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे जेमतेम २० टक्के असावेत.

म्हणून ‘किती’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: नव्या पेपरची संदर्भयादी उघडल्यावर त्यातली बहुतेक नावं ओळखीची निघायला लागली, की थांबा. कुणाचं ते ३५ला होईल, कुणाचं १५०ला. मागे जायला संदर्भयादी आहे, पुढे जायला गूगल स्कॉलरवर ‘साइटेड बाय’ आहे, म्हणजे त्या पेपरचा संदर्भ नंतर कुणी दिला त्याची यादी. दुसरी वाट बहुतेक विद्यार्थी वापरतच नाहीत, आणि पेपरला नंतर कुणी खोडून काढलं असेल तर ते तिथेच कळतं.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. मी नंतर एक मोठा तक्ता केला: प्रश्न काय होता, कुणावर प्रयोग केला, कसं मोजलं, काय निघालं, कुणाशी जुळत नाही. शेवटचा रकाना भरताना प्रकरण आपोआप उभं राहिलं. आधी परिच्छेद माणसाच्या नावाने सुरू व्हायचा, आता वादाने सुरू झाला: ‘चित्रफितीने आठवण सुधारते असे म्हणणाऱ्या अभ्यासांनी चाचणी त्याच दिवशी घेतली आहे, महिन्याने घेणाऱ्यांना तो फरक दिसत नाही.’ या एका वाक्यात सात पेपर मावले आणि माझ्या प्रबंधाचा प्रश्नही तिथूनच निघाला. ६४चे ४१ झाले. मला पाच महिने लागले, आणि प्रबंधातलं तेच काम मला आजही सर्वांत जास्त आपलं वाटतं.

सीनियरला हे तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. दुसरं प्रकरण वाचतात. माझ्या तोंडी परीक्षेत पहिले चार प्रश्न त्याच प्रकरणावर आले. विषय स्वतः पाहिलाय की ऐकीव आहे, हे परीक्षकाला तिथेच कळतं. ‘कोणी वाचत नाही’ हे ज्यांचं प्रकरण वाचण्यासारखं नसतं तेच म्हणतात.

विभागाने किमान आकडा ठरवून दिला असेल तर तो पाळा, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. वैद्यकीय किंवा तशा विषयात पद्धतशीर आढावा (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू) करत असाल तर माझा थांबण्याचा नियम चालणार नाही. तिथे प्रिझ्मासारखी नियमावली आहे (२००९ची, २०२०मध्ये सुधारलेली). काय शोधलं, किती सापडले, किती वगळले आणि का, हे सगळं आकड्यांसकट लिहावं लागतं. आणि प्रत्येक संदर्भ अथपासून इतिपर्यंत वाचा असंही मी म्हणत नाही, पुष्कळांची पद्धत आणि निष्कर्ष पाहिले तरी पुरतं. पण ज्या संदर्भावर तुमचा मुद्दा उभा आहे, त्याचं मूळ उघडाच. खटपट करूनही मिळालं नाही, तर ज्यातून घेतलंत त्याचं नाव द्या आणि ‘यांनी उद्धृत केल्यानुसार’ असं स्पष्ट लिहा.