पुण्यात भाड्याच्या घरात राहतो, शेगडीला दोनच बर्नर आहेत, मासे आधी फारसे केलेले नाहीत. आठ मित्रांना रात्री जेवायला बोलावलंय, मासेच करायचे आहेत. कमी खर्चात होतील असे सोपे पदार्थ कोणते?

तुमचा प्रश्न वाचून आधी एक गोष्ट सांगावीशी वाटली: पापलेट आणि सुरमई डोक्यातून काढून टाका. पाहुणे म्हटलं की आपला हात या दोघांकडेच जातो आणि सगळं बजेट त्यातच संपतं. बाजारात उभं राहिलात की दिसेल, सुरमईच्या एका किलोच्या पैशात बहुतेक दिवशी बांगडा दोन किलोच्या वरच येतो, मांदेली त्याहून जास्त. मी मालवणकडची. आमच्या घरी रोजच्या जेवणात बांगडा, तारली, मांदेलीच असायची, आणि ती खाताना कुणाला काही कमी पडल्यासारखं कधी वाटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की भाड्याचं घर आहे, शेगडीला दोनच बर्नर आहेत आणि मासे आधी फारसे केलेले नाहीत. म्हणून बेत असा ठेवा: बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट रस्सा), तळलेली मांदेली, कांद्यातला सुका जवळा, सोलकढी आणि भात. यातली मांदेली सोडली तर बाकी सगळं मित्र येण्याआधी तयार होतं, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर बसू शकता. सगळेच मासे तळायचे ठरवले तर यजमान रात्रभर कढईसमोर उभा राहतो.

तिखलं नीट सांगते, कारण जेवण त्यावरच उभं आहे. मध्यम आकाराचे दहा बांगडे घ्या, साधारण दीड किलोच्या आसपास भरतील. कोळीण मावशींना सांगा, 'साफ करून, तीन-तीन तुकडे करून द्या', त्या देतात. घरी आणून धुवा, मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. मिक्सर असेल तर बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून, दहा लसूण पाकळ्या आणि चमचाभर धण्यांबरोबर बारीक वाटा. नसेल तर चार चमचे चांगलं लाल तिखट पाण्यात कालवा आणि लसूण ठेचून घ्या. दहा-बारा तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा फळाचा मसाला) थोडी ठेचायची, आतली काळी बी असेल तर ती टाकून द्यायची, आपल्याला वरचं सालच हवं. आठ-दहा आमसुलं धुऊन ठेवा.

पसरट टोपात खोबरेल तेल तापवा. (खायचं खोबरेल, घाण्याचं मिळालं तर उत्तम. शेंगदाण्याच्या तेलातही होतं, पण ती चव येत नाही.) त्यात वाटण दोन-तीन मिनिटं परता, तिरफळं आणि आमसुलं घाला, मासे जेमतेम बुडतील इतकं पाणी घाला आणि उकळी आली की तुकडे एकेक करून लावा. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं पुरतात. एक गोष्ट पाळा: मासा टोपात गेला की डाव घालायचा नाही. फडक्याने टोपाचे कान धरून तो हलकेच गोल हिसकायचा, रस सगळीकडे फिरतो आणि तुकडा अख्खा राहतो. गॅस बंद करताना चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडा आणि झाकून ठेवा. आमच्या घरी तिखल्यात नारळ घालत नाहीत, त्यामुळे त्याचं वाटण काढण्याचे कष्टही नाहीत. संध्याकाळी पाच-सहाला करून ठेवा, वाढायच्या आधी एक चांगली उकळी द्या. तोवर आंबट-तिखट माशात मुरतं, गरमागरम उतरवलेल्यापेक्षा हे जास्त चांगलं लागतं.

तिरफळाशिवाय तिखलं करू नका, हा माझा आग्रह समजा. बांगडा तेलकट मासा, त्याच्या उग्र वासाला तिरफळच आवरतं. पुण्यात कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानांत मिळतं, तिथेच आगळ (कोकमाचा घट्ट आंबट रस) आणि आमसुलंही घ्या.

मांदेली एक किलो. तीही साफ करून घ्या, डोकं काढलं की आतली घाण बरोबर निघते. मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसूण आणि दोन चमचे आगळ लावून फ्रीजमध्ये ठेवा. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मे-निम्मे मिसळून ताटात तयार ठेवा. पीठ आधी लावून ठेवलं तर ओलं होऊन निघून येतं, तेव्हा मित्र बसल्यावरच घोळवायची आणि कडक तापलेल्या तेलात सोडायची. खरपूस तळली की काट्यासकट खाता येते. कढईतून निघेल तशी ताटात जाऊ द्या.

जवळा अगदी सोपा. दोनशे ग्रॅम सुका जवळा चाळा, कोरडाच मंद आचेवर भाजा, मग पाण्यात खळबळून वरच्या वर काढा म्हणजे वाळू तळाला राहते. पाच-सहा कांदे बारीक चिरून तेलात मऊ करा, हिरवी मिरची, हळद, तिखट, तीन-चार आमसुलं आणि जवळा घालून वाफ काढा, वर कोथिंबीर. हाताशी भाकरी हवी. आठ जणांच्या भाकऱ्या स्वतः थापायला जाऊ नका, जवळच्या पोळी-भाजी केंद्रात सकाळीच सांगून ठेवा. जवळा म्हणजे बारीक कोळंबीच, तेव्हा कुणाला कोळंबीची ॲलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारा. एखादा शाकाहारी मित्र असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याच्या कापा करा, तोच रवा-तांदळाचा लेप, पण तेल आणि कढई वेगळी.

सोलकढीला दोन नारळांचं दूध, अर्धी वाटी आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर. नारळ खोवायला वेळ नसेल तर डब्यातलं नारळाचं दूध पातळ करून चालेल. गरम करायची नाही. भात पाऊण ते एक किलो तांदळाचा लावा, उकडे तांदूळ मिळाले तर तेच घ्या.

आता खरेदी, कारण स्वस्त मासा ताजा नसेल तर सगळं फुकट. पुण्यात गणेश पेठेतला मासळी बाजार किंवा कॅम्पातलं शिवाजी मार्केट, सकाळी लवकर जा. मासा किनाऱ्यावरून बर्फात येतो, तेव्हा कल्ले उचलून बघा, लाल हवेत. डोळा वर आलेला आणि चकचकीत हवा, अंग बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. बांगड्याच्या बाबतीत हे फार मनावर घ्या. बांगडा आणि तारली बर्फाशिवाय उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, त्याने तोंड लाल होतं, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. बर्फाबाहेर पसरलेला बांगडा कितीही स्वस्त असो, घेऊ नका. घरी येताना पिशवीत बर्फ मागून घ्या आणि आल्याबरोबर मासे फ्रीजमध्ये टाका. मित्रांना रविवारीच बोलवायला हवं असं नसेल तर सोमवार, गुरुवार किंवा शनिवार बघा. बरेच लोक त्या वारी मासे खात नाहीत, बाजारात गर्दी कमी असते आणि भावही जरा ऐकतात.

जून-जुलैत बेत असेल तर वेगळा विचार करा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग. तेव्हा सुक्या बोंबलाचं बटाटा घालून कालवण आणि हाच जवळा, एवढ्यावर जेवण छान होतं.

काट्यांना घाबरणारा एखादा मित्र असतोच. त्याच्यासाठी चार बांगडे जास्त घ्या, मीठ-हळदीच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकडा, मधला काटा अख्खा सुटून येतो. बाजूचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढा, मग मांस कुस्करून त्यात उकडलेला बटाटा, आलं, मिरची, कोथिंबीर घाला आणि रव्यात घोळवून तव्यावर टिक्क्या भाजा. या दुपारीच वळून ठेवता येतात.

आणि बाजारात त्या दिवशी चांगला बांगडा दिसलाच नाही तर शिळा उचलू नका, सरळ चिलापी (तिलापिया) घ्या. उजनी धरणाची चिलापी पुण्यात येते, भिगवणला सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत लोक मुद्दाम थांबून खातात ती हीच. किलो-दीड किलोचे तुकडे करून घ्या, तिखल्याचंच वाटण वापरा, फक्त तिरफळाऐवजी आलं आणि भरपूर कोथिंबीर घाला, कारण गोड्या पाण्यातल्या माशावर तिरफळ भारी पडतं. शिजायला तितकाच वेळ लागतो.